पॅडेलची रॅकेट आणि दुखरे कोपर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात पॅडेल, म्हणजे काचेच्या भिंतींच्या लहान कोर्टवर बिनतारांच्या, भोकांच्या रॅकेटने खेळायचा टेनिससारखा खेळ, खेळणाऱ्यांची पत्रे सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे एकच आहे : कोपराची बाहेरची बाजू. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : वय ४३, आयटीत नोकरी. आठवड्यातून तीनदा पॅडेल खेळतो. दोन महिन्यांपासून उजवे कोपर बाहेरून दुखते, चहाचा कप उचलतानाही कळ येते. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितला. माझी रॅकेट हिऱ्याच्या आकाराची, १८के कार्बनची, ३७५ ग्रॅमची आहे. दुकानदार म्हणतो, कंपन शोषणारी नवी रॅकेट घ्या, २४ हजारांची. घेऊ का? — पुणे

उत्तर : आधी हातातली मोजा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रॅकेट आहे तशी ठेवा, म्हणजे ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी), डोक्यावरची प्रोटेक्टर पट्टी आणि मनगटाची दोरी यांसकट. खोक्यावर छापलेले वजन बहुधा उघड्या रॅकेटचे असते, आणि तेही ‘३६० ते ३७५’ असे सैल. मग एक पेन्सिल चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा आणि तिच्यावर रॅकेट आडवी तोलून धरा. जिथे ती कुठेच न झुकता थांबते, तिथपासून दांड्याच्या बुडापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. हा झाला तोलबिंदू. त्यातून ७ वजा करा, कारण मुठीचा मध्य बुडापासून साधारण तेवढा वर असतो. उरलेल्या आकड्याला ग्रॅममधल्या वजनाने गुणा.

हिऱ्याच्या आकाराच्या रॅकेटचा तोल २७ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तुमचा तेवढाच धरला तर २० गुणिले ३७५, म्हणजे ७५००. आता ३६० ग्रॅमची, २५ सेंटिमीटर तोलाची गोल रॅकेट घ्या : १८ गुणिले ३६०, म्हणजे ६४८०. वजनात फरक फक्त १५ ग्रॅमचा, पण मनगटावर येणारा ओढा जवळजवळ १४ टक्क्यांनी कमी झाला. हे नुसते आडवे धरून ठेवण्याचे गणित आहे. फिरवताना अंतराचा परिणाम वर्गाने वाढतो, त्यामुळे खेळताना तफावत याहून मोठी पडते. कोपर दुखत असेल तर हा गुणाकार ६५०० च्या आसपास किंवा त्याखाली असावा, असे आम्ही सुचवतो. ती काही वैद्यकीय मर्यादा नाही. दुकानात दोन रॅकेटींत निवड करायला मात्र तो आकडा पुरतो.

मनगटावर इतका भर का, तर दुखणे कोपरात असले तरी काम मनगटाचे असते. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू ज्या कंडरेने कोपराबाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला जोडलेले असतात, ती कंडरा टेनिस एल्बोत झिजलेली असते. काहीही घट्ट पकडले की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू ताणले जातात. म्हणून रॅकेट खाली ठेवली तरी चहाचा कप दुखवतोच.

आता आकार. हिऱ्याच्या रॅकेटीत चेंडू सर्वांत चांगला बसतो ती जागा वर, डोक्याकडे असते आणि लहान असते. गोल रॅकेटीत ती मध्यावर आणि ऐसपैस असते. चेंडू त्या जागेच्या बाहेर लागला की रॅकेट मुठीत पिळवटते, आणि ती पीळ थोपवायला हात आपोआप आवळला जातो. हौशी खेळाडूचे असे चुकलेले फटके एका सामन्यात कितीतरी असतात. स्मॅशला थोडी ताकद कमी मिळेल, हे मान्य. पण दुखऱ्या हाताने स्मॅश कितीसा बसणार?

टेनिसमध्ये कोपर दुखायला लागले की तारा थोड्या सैल बांधून घेता येतात. पॅडेलमध्ये ती सोय नाही. इथे तारा नसतात. चेंडूचा धक्का रॅकेटचा गाभा आणि त्यावरचा पृष्ठभाग घेतात, आणि ते एकदा विकत घेतले की बदलत नाहीत. गाभा बहुधा ईव्हीए नावाच्या रबरासारख्या पदार्थाचा असतो. तो मऊ, मध्यम आणि कडक अशा घनतांत येतो. याशिवाय फोम हा आणखी मऊ प्रकार आहे. मऊ गाभ्याचा खरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हळू फटक्यालाही चेंडू त्यातून चांगला सुटतो, त्यामुळे मागच्या काचेजवळून चेंडू समोरच्या टोकाला पोचवायला हात झोकून द्यावा लागत नाही. फोम मात्र लवकर थकतो आणि जोरदार फटक्याला दबून जातो. म्हणून आमचा कौल मऊ किंवा मध्यम-मऊ ईव्हीएला.

पृष्ठभाग फायबरग्लासचा असेल तर तो जास्त लवतो, कार्बनचा कमी. १८के या आकड्याने मात्र दबून जाऊ नका. कार्बनच्या एका पेडात किती हजार तंतू आहेत, एवढेच तो सांगतो : ३के म्हणजे तीन हजार, १८के म्हणजे अठरा हजार. रॅकेट हाताला किती कडक लागेल हे थर किती, राळ कोणती आणि आत गाभा कसा यावर ठरते. जाडी तर निवडीचा मुद्दाच नाही. नियमाने कमाल ३८ मिलिमीटर चालते आणि मोठ्यांच्या बहुतेक रॅकेटी त्याच मापाच्या असतात.

राहिले कंपन शोषण्याचे दावे. फ्रेमच्या गळ्यात रबराचे तुकडे किंवा खाचा ठेवून फटक्यानंतरची थरथर कमी करता येते, आणि खेळताना ते बरेही वाटते. पण कंडरेला त्रास देणारी मुख्य गोष्ट त्यानंतरची थरथर नसून प्रत्यक्ष धडक, पीळ आणि आवळलेली मूठ ही आहे. टेनिसच्या तारांत बसवतात त्या रबरी बटणाने हातापर्यंत पोचणारे कंपन कमी होत नाही, हे मोजमापांतून आधीच दिसले आहे. तेव्हा २४ हजारांची रॅकेट पुन्हा हिऱ्याच्याच आकाराची आणि २७ सेंटिमीटर तोलाची असेल, तर तिच्यात शोषक असो वा नसो, घेऊ नका.

तुमच्यासाठी : गोल किंवा गोलाकडे झुकणारी थेंबाच्या आकाराची, सर्व साज चढवून ३५५ ते ३६५ ग्रॅम, तोल २५ ते २५.५ सेंटिमीटर, मऊ किंवा मध्यम-मऊ ईव्हीए, फायबरग्लास किंवा मिश्र पृष्ठभाग. अशा रॅकेटी दुकानात ‘नवशिक्यांच्या’ म्हणून खालच्या फळीवर पडलेल्या असतात आणि बहुधा स्वस्तही असतात. पॅडेलचा नामांकित व्यावसायिक खेळाडू अगुस्तीन तापिया याच्या हातात शोभते ती रॅकेट तापियाच्या मनगटासाठी आहे. मॉडेलचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण कंपन्या तेच नाव ठेवून दरवर्षी गाभा आणि तोल बदलतात. आकडे घेऊन दुकानात जा. शक्य असेल तर क्लबमधून तशी रॅकेट भाड्याने घेऊन दोन वेगवेगळ्या दिवशी ४०-४० मिनिटे खेळा. खरेदीचा निर्णय कोर्टवर करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर काय म्हणते ते पाहून करा.

प्रश्न : माझे वय ३८. यजमानांच्या जुन्या ३७० ग्रॅमच्या रॅकेटीने खेळते. आता कोपर दुखते, म्हणून मैत्रिणीने ३३० ग्रॅमची अगदी हलकी रॅकेट घ्यायला सांगितले आहे. जितकी हलकी तितकी चांगली ना? — ठाणे

उत्तर : नाही. आधी वरचाच गुणाकार करा. ३३० ग्रॅमच्या रॅकेटीचा तोल २७ सेंटिमीटरवर असेल तर २० गुणिले ३३०, म्हणजे ६६००. वर सुचवलेली ३६० ग्रॅमची गोल रॅकेट ६४८० ला बसते. म्हणजे तीस ग्रॅमने हलकी रॅकेट हाताला जास्त जड पडली. हलक्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅकेटींत कधी कधी हीच चलाखी असते : दांडा हलका करून टाकतात आणि फटक्यात दम राहावा म्हणून डोके तसेच ठेवतात.

दुसरे कारण धडकेचे. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. समोरून जोरात आलेला चेंडू हलक्या रॅकेटीला जास्त मागे ढकलतो, जास्त पिळतो, आणि ते थोपवायचे ओझे पुन्हा त्याच स्नायूंवर येते. शिवाय हलक्या रॅकेटीने चेंडू लांब जात नाही, म्हणून माणूस हात अधिक वेगाने फिरवतो. तुम्हाला ३४५ ते ३५५ ग्रॅम आणि २५.५ सेंटिमीटरच्या आतला तोल योग्य राहील. ३४५ ला गुणाकार ६३८२ येतो.

यजमानांची रॅकेट मात्र सोडाच. नुसत्या वजनासाठी नाही, तिची मूठही तुमच्या हाताला जाड असणार. आणि घरातल्या कामांकडे थोडे बघा. बादली, पिशवी, कुकर उचलताना तळवा खाली असेल तर हीच कंडरा ताणली जाते. तळवा वर किंवा आत वळवून उचला. ओले कपडे पिळणे आणि कणीक मळणे ही कामे महिनाभर दुसऱ्या कोणाला तरी द्या. दुसरे कोणी म्हणजे यजमानही चालतील.

प्रश्न : माझ्या रॅकेटीची मूठ मला बारीक वाटते. ओव्हरग्रिप किती चढवाव्या? एकाने सांगितले की दोन जास्तीच्या चढवल्या की तोल खाली येतो आणि कोपर वाचते. घामाने पकडही सुटते. — मुंबई

उत्तर : पॅडेलच्या रॅकेटी टेनिससारख्या मुठीच्या वेगवेगळ्या मापांत सहसा येत नाहीत. बारीक मूठ देतात आणि जाडी आपण वाढवायची असते. माप असे घ्या : खेळताना धरता तशी रॅकेट धरा. अनामिकेचे टोक आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची करंगळी जेमतेम शिरली पाहिजे. बोटे तळव्याला टेकत असतील तर मूठ बारीक आहे. ती फिरू नये म्हणून तुम्ही नकळत आवळता. करंगळी शिरून वर जागा उरत असेल तर मूठ फार जाड झाली. तेव्हाही बोटांना ताण देऊनच पकडावे लागते, आणि फटक्यात मनगट अडते.

एक ओव्हरग्रिप साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि पाच-सहा ग्रॅमची असते. बहुतेक पुरुषांना कारखान्याच्या ग्रिपवर दोन लागतात, बायकांना एक. तीन चढवाव्या लागत असतील तर त्याऐवजी खाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी उंचवट्यांची रबरी नळी बसवून वर एकच ओव्हरग्रिप गुंडाळा. तिच्यामुळे बोटांना खाचा मिळतात आणि कमी जोराने पकडता येते.

तोलाबद्दल तुम्हाला अर्धेच खरे सांगितले आहे. ३६५ ग्रॅमच्या, २६.५ सेंटिमीटर तोलाच्या रॅकेटीवर मिळून १२ ग्रॅमच्या दोन ग्रिप चढवल्या तर तोल सुमारे २५.८५ वर येतो. आकडा छान दिसतो. पण वजन तुम्ही मुठीत वाढवले, डोके आहे तेवढेच जड राहिले. आमचा गुणाकार करून पाहा : आधी १९.५ गुणिले ३६५, म्हणजे ७११८, नंतर १८.८५ गुणिले ३७७, म्हणजे ७१०६. फरक नाहीच. मुठीकडे वजन लावून नुसता ‘कमी तोल’ मिरवणाऱ्या रॅकेटी ओळखायला हाच हिशेब कामाला येतो.

उलट डोक्यावरची प्रोटेक्टर पट्टी मोजा. दहा ग्रॅमची पट्टी बुडापासून ४५ सेंटिमीटरवर बसते, म्हणजे मुठीपासून ३८ सेंटिमीटर दूर. ३६५ ग्रॅम आणि २५.५ तोलाच्या रॅकेटीवर ती ओढा साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढवते. काचेवर रॅकेट घासते म्हणून पट्टी लावतात, पण दुखणे आहे तोवर ती काढा किंवा पातळ, पारदर्शक, दोन-तीन ग्रॅमची लावा. रॅकेटीच्या रंगाचे पोपडे निघाले तर निघू द्या.

घाम हे मुंबईत टेनिस एल्बोचे दुर्लक्षित कारण आहे. ओली ग्रिप निसटते, म्हणून माणूस मूठ आवळतो आणि दीड तास आवळलेलीच ठेवतो. चिकट ओव्हरग्रिप घामात साबणासारखी होते. हात फार घामेजत असतील तर कोरडी, कापडी स्पर्शाची घ्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन-चार खेळांनंतर ती बदला. मनगटावर घामपट्टी बांधा आणि बाजू बदलताना हात पुसा.

प्रश्न : लंडनला राहतो. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. डिसेंबरपासून उघड्या कोर्टवर संध्याकाळी खेळतो, ५-६ अंश तापमान असते. तीच रॅकेट दगडासारखी लागते आणि कोपर दुखते. भ्रम आहे का? — लंडन

उत्तर : भ्रम नाही. ईव्हीए थंडीत आवळून कडक होते आणि उन्हात मऊ पडते. उन्हाळ्यात मध्यम वाटणारा गाभा ५ अंशांना कडक रॅकेटीसारखा वागतो. त्यात थंडीत चेंडूची उसळीही मंदावते. चेंडू काचेवरून पुरेसा परत येत नाही, तुम्ही तो खालून मनगटाने उचलता, आणि स्नायू अजून गरम झालेले नसतात. तिन्ही गोष्टी एकाच कंडरेवर येतात.

हिवाळ्यासाठी एक पायरी मऊ गाभ्याची रॅकेट ठेवा. आहे तीच वापरायची असेल तर ती रात्रभर गाडीत ठेवू नका. घरात ठेवा आणि कोर्टवर पोचेपर्यंत उष्णतारोधक पिशवीतच राहू द्या. चेंडूचा डबाही त्याच पिशवीत. सुरुवातीची दहा मिनिटे जाळीजवळून हळू व्हॉली आणि मग मागून लॉब, स्मॅश शेवटी. बाही कोपराखालपर्यंत येईल असा सदरा घाला.

पुण्या-नागपूरच्या वाचकांसाठी याची दुसरी बाजू : मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवली तर गाभा आणि त्याला धरून ठेवणारी राळ दोन्ही खराब होतात. पुढे रॅकेट मऊ लागते ती आरामदायी झाली म्हणून नव्हे. ती मेलेली असते.

प्रश्न : मेलेली रॅकेट ओळखायची कशी? माझ्या रॅकेटीला तीन वर्षे झाली, बाहेरून तडा नाही. — नाशिक

उत्तर : बोटाच्या पेराने पृष्ठभागावर मधोमध आणि मग चारी बाजूंना टिचक्या मारा. एखाद्या जागी आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा आला तर आत थर सुटला आहे. भोकांच्या कडांना केसासारख्या रेघा दिसतात का तेही उजेडात तिरके धरून पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याच्या रॅकेटीचा गाभा साधारण वर्ष-दीड वर्षात थकतो. त्यानंतर पूर्वीचाच चेंडू पोचवायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर कोपरातून येतो. तीन वर्षांची रॅकेट भिंतीवर टांगा. वापरलेली विकत घेणाऱ्यांनीही हीच परीक्षा करावी.

चेंडूलाही तेच लागू. डबा उघडल्यावर दाब उतरू लागतो. दोन-तीन सामन्यांनंतर चेंडू मेला. पावसाळ्यात भिजलेला चेंडू जड होतो, तो लगेच बाजूला काढा. टेनिसचे चेंडू पॅडेलला वापरू नका. त्यांचा दाब जास्त असतो, ते काचेवरून वेगाने अंगावर येतात आणि फटका उशिरा बसतो.

प्रश्न : वीस वर्षे टेनिस खेळलो, कोपर कधी दुखले नाही. पॅडेल सुरू केल्यावर सहा महिन्यांत दुखू लागले. रॅकेट तर टेनिसपेक्षा केवढी तरी लहान! दुखणे मात्र आतल्या बाजूला आहे. — नागपूर

उत्तर : आतली बाजू म्हणजे टेनिस एल्बो नव्हे. त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंची कंडरा तिथे असते. टेनिसच्या टॉपस्पिन फोरहँडची सवय घेऊन तुम्ही पॅडेलच्या लहान, तारा नसलेल्या रॅकेटीने मनगट वळवून फिरकी काढत असणार. स्मॅशला मनगट झटकूनही हेच होते. पॅडेलमध्ये फोरहँड सपाट किंवा किंचित कापलेला ठेवा, डोक्यावरच्या चेंडूला बांदेखा (स्मॅशइतका जोर न लावता कापून मारलेला फटका) खेळा आणि त्यात मनगट घट्ट न करता स्थिर ठेवा. खांदा वळू द्या. रॅकेटीचे निकष तेच राहतील. खरखरीत पृष्ठभागाची घेऊ नका, ती फिरकीचा मोह घालते. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर मात्र मज्जातंतूचा प्रश्न असू शकतो. रॅकेटीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

बाहेरून दुखणाऱ्यांनी बॅकहँड तपासावा. काचेवरून परतलेला चेंडू अंगाजवळ आणि खाली येतो. पाय मागे नेले नाहीत तर कोपर वाकवून, ते पुढे काढून, मनगटाच्या झटक्याने तो उचलावा लागतो. टेनिस एल्बो मिळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. चेंडू पुढे जाऊ द्या, तुम्ही त्याच्या मागे राहा, आणि तो शरीरापुढे असताना मारा. दोन हातांचा बॅकहँड येत असेल तर बिनदिक्कत मारा; भार दुसऱ्या हातावर वाटला जातो. मूठ आवळण्याचे दहा गुण धरले तर चेंडूची वाट पाहताना तीन-चार, मारताना पाच-सहा पुरे. चेंडू रॅकेटीला काही मिलिसेकंदच टेकलेला असतो. तेवढ्यात पकड बदलता येत नाही, म्हणून ती आधीच सैल हवी.

प्रश्न : पट्टा बांधून खेळलेले चालते का? — कोल्हापूर

उत्तर : चालते, पण बहुतेक जण तो चुकीच्या जागी, थेट दुखऱ्या हाडावर बांधतात. हाडाच्या उंचवट्यापासून दोन बोटे खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधा. खाली एक बोट शिरेल इतकाच घट्ट. खेळ संपला की सोडा. झोपताना कधीही नको. तो कळ कमी करतो, कंडरा बरी करत नाही.

प्रश्न : सचिनलाही टेनिस एल्बो झाला होता आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मला चार महिने झाले. इंजेक्शन घ्यावे की शस्त्रक्रिया? रॅकेट बदलूनही पूर्ण बरे वाटत नाही. — डोंबिवली

उत्तर : सचिन तेंडुलकरने २००५ साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली, हे खरे. पण त्याची बॅट जड होती, खेळ रोजचा होता आणि वेळ हातात नव्हता. तुमच्या-आमच्यासारख्या बहुतेकांचे हे दुखणे सहा महिने ते वर्षभरात शस्त्रक्रियेविना जाते. चार महिने म्हणजे उशीर नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान जातात. वर्षअखेरीस मात्र इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांच्या मागे पडलेले आणि दुखणे उलटलेले जास्त आढळतात, असे चांगल्या चाचण्यांतून दिसले आहे. मधुमेह असेल तर साखरही काही दिवस चढते. डॉक्टरांशी बोलताना हे विचारा.

रॅकेट बदलल्याने भार कमी झाला. झिजलेली कंडरा मजबूत मात्र व्यायामानेच होते. पहिले दोन आठवडे : हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मुठीत एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे एक किलो. मनगट सरळ रेषेत धरून ३० ते ४५ सेकंद थांबा. मिनिटभर विश्रांती. असे पाच वेळा, रोज. दुखणे दहापैकी तीनपर्यंत चालेल, त्यावर गेले तर बाटली अर्धी करा. जमू लागले की पुढचा टप्पा : दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि चार सेकंद घेऊन एकट्या दुखऱ्या हाताने हळूहळू खाली सोडा. १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस आड. सहज होऊ लागले की अर्धा किलो वाढवा. आठ ते बारा आठवडे द्या. लोक तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून सोडतात आणि सहाव्यात परत पत्र लिहितात. खांद्यामागचे स्नायूही यात घ्या. रबरी पट्टा खुंटीला बांधून मागे ओढण्याच्या १५-१५ च्या दोन फेऱ्या पुरतात.

स्कूटर चालवता का? उजव्या हाताने अॅक्सिलरेटर पिळून धरताना मनगट मागे वाकलेले असते, तेही तासतासभर. मूठ थोडी पुढे फिरवून धरा म्हणजे मनगट सरळ राहील. संगणकाच्या माऊसचेही तसेच.

खेळ पूर्ण बंद करण्याची गरज बहुधा नसते. नियम एकच ठेवा : खेळताना दुखणे तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत आधीच्या पातळीवर यावे. आले नाही तर पुढचा खेळ निम्मा करा. पहिले दोन आठवडे २०-३० मिनिटे, दोन दिवसांच्या अंतराने, फक्त फोरहँड, लॉब आणि व्हॉली. मग दोन हातांचा बॅकहँड. बांदेखा चौथ्या आठवड्यापासून, पूर्ण जोराचा स्मॅश सर्वांत शेवटी. डाव्या बाजूने खेळत असाल तर काही दिवस जोडीदाराशी बाजू बदला. उजव्या हाताच्या खेळाडूला उजवीकडे डोक्यावरचे चेंडू कमी येतात.

कोपर सुजले, अडकले, रात्री झोपेतून उठवू लागले, बोटे बधिर झाली, किंवा मानेतून कळ खाली उतरू लागली तर यातले काहीही करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. व्यायाम नेमाने करूनही सहा महिन्यांनंतर काडीचा फरक नसेल, तर शस्त्रक्रियेबद्दल विचारायला हरकत नाही.